आष्टीच्या बाजारातली क्लिप

१

आष्टीतल्या प्रचार कार्यालयात त्या सकाळी गुलाल उधळायचा तेवढा बाकी होता.

जिल्हा परिषदेच्या मतदानाला चार दिवस उरले होते. अपक्ष उमेदवार दैवशालाताईंचे कार्यकर्ते खुर्च्या सोडून मोबाइलभोवती गोळा झाले होते. सगळ्यांच्या हातात एकच क्लिप होती. आठवडी बाजार, भाजीची पालं, आणि मधोमध ताईंचे प्रतिस्पर्धी सोमेश्वरअण्णा. अण्णांचा हात एका म्हातारीच्या खांद्यावर जोरात येतो, म्हातारी धाडकन खाली पडते, आणि क्लिप संपते. खाली ठळक अक्षरं : 'म्हातारीवर हात टाकणारा नेता पाहिजे का? दैवशालाताईंनाच मत द्या.' आणि मागे ताईंच्या प्रचाराचं गाणं.

"अख्ख्या तालुक्यात हेच चालू हाय, वकीलबाई," ताईंचे धाकटे दीर धर्मराज म्हणाले. प्रचाराची सगळी सूत्रं त्यांच्याकडे होती. "वारं फिरलं. आता अण्णाला गावात पाय ठेवू देत न्हाईत लोक."

ज्यांना ते हे सांगत होते त्या ॲडव्होकेट प्रिया नुकत्याच जालन्याहून येऊन पोचल्या होत्या. परवानग्या, तक्रारी आणि नोटिसा ही ताईंच्या प्रचारातली त्यांची बाजू. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, हळू आवाजाच्या. जालना कोर्टात त्यांचा उलटतपास ऐकायला इतर वकील मुद्दाम येऊन बसायचे.

"ही क्लिप आपण केली?" प्रियांनी विचारलं.

"न्हाई. आपल्याला आयतीच आली."

"आपल्या पेजवर मात्र आहे."

"ते मी टाकलं काल. आपली पोरं ग्रुपवर टाकून राह्यली होती, मंग आपणच का मागं राहावं?"

प्रियांनी मोबाइल पुढे धरला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची नोटीस आली होती. ही क्लिप कोणी तयार केली, तिला परवानगी होती का, उद्या सकाळपर्यंत खुलासा करा.

तेवढ्यात आतल्या खोलीतून दैवशालाताई बाहेर आल्या. पंचेचाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या चेहऱ्याच्या. दोन वेळा सरपंच राहिलेल्या या बाईला घोळक्याला गप्प कसं बसवायचं हे बरोबर ठाऊक होतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आधी ती पेजवरून काढा," त्या म्हणाल्या. "वकीलबाई, मला दोन गोष्टी सांगा. हे खरं हाय का, आणि केलं कोणी. आपल्या माणसानं केलं असंल तर नाव घ्यायला लाजू नका."

प्रियांनी कानात इअरफोन घातले आणि क्लिप पुन्हा लावली. दोनदा ऐकली.

"ताई, हे गाणं आपण अजून कुठं टाकलंय का? पेजवर, ग्रुपवर?"

"न्हाई. नुसतं आपल्या प्रचाररथावर वाजतंय. फाईल फक्त मिथुनपाशी हाय."

सगळ्यांच्या माना एकदम कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. तिथं लॅपटॉपसमोर मिथुन बसला होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

२

मिथुन परतूरचा. लग्नांचे व्हिडिओ करून त्यानं नाव कमावलं होतं. ताईंची सगळी रील्स त्याचीच.

"म्याडम, आईशप्पथ, मी न्हाई केलं," तो म्हणाला. "मी केलं असतं तर इतकं घाण केलं असतं का? अक्षरं बघा, कशी बी टाकलीत."

"शपथ राहू दे. तुझ्याकडचं गाणं लाव."

त्यानं लावलं. ढोलकीचा ठेका स्वच्छ, गायिकेचा आवाज कानाजवळ. मग प्रियांनी क्लिपमधलं गाणं लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला. ठेका दबलेला, शब्द लांबून आल्यासारखे. आणि त्यांच्या मधून, अगदी पुसट, एक बाई ओरडत होती : "घ्या मेथी, ताजी मेथी!"

धर्मराज पुढे वाकले. "ही मेथीवाली गाण्यात कुठून आली?"

"बाजारातून," प्रिया म्हणाल्या. "आपला रथ बाजाराजवळून जाताना कोणीतरी हे गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ज्याच्याकडे फाईल आहे त्याला भोंग्यावरून आवाज पकडायची गरज नाही. मिथुन सुटला. आणि तुम्हीही सुटलात धर्मराजभाऊ, कारण तुम्ही नुसतं सांगितलं असतं तरी त्यानं तुम्हाला फाईल दिली असती. क्लिप बाहेरच्या माणसानं केलीय."

मिथुननं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली.

"मग बाहेरच्या माणसाला आपला एवढा पुळका का?" ताईंनी विचारलं.

"तोच प्रश्न मला पडलाय. मिथुन, तुला क्लिप कोणी पाठवली?"

"अनोळखी नंबर. आता बंद लागतो."

"भाऊ, तुम्हाला?"

धर्मराजांनी आपला मोबाइल काढला. तोच नंबर, तीच वेळ. मग एकेका कार्यकर्त्यानं आपापला मोबाइल पाहिला. पाच जणांना त्या एका नंबरावरून क्लिप आली होती, आणि पाचही माणसं ताईंची.

पोलिसांत तक्रार द्यायला प्रियांनी लगेच एकाला धाडलं. पण नंबर कोणाचा हे कळेपर्यंत मतदान होऊन गेलं असतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"आता त्या म्हातारीला भेटायचं," त्या म्हणाल्या. "कोण आहे ती?"

"साळूबाई. पलीकडच्या गल्लीत राहती, एकटीच असती," धर्मराज म्हणाले.

प्रिया आणि ताई गल्लीत गेल्या तेव्हा साळूबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण ओट्यावर भांडी घासत होती. तिनं हात न थांबवता सांगितलं, "काल सकाळीच गाडी आल्ती. पांढरी, मोठी. म्हातारीला बसवून घेऊन गेली."

३

दैवशालाताई शेजारणीला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, पण गाडी कोणाची होती ते तिनं पाहिलं नव्हतं. म्हातारी मात्र हसत बसली होती म्हणे, पिशवी भरून.

"म्हणजे ओढून नेली नाही," प्रिया म्हणाल्या. "चला, जिथं हे घडलं ती जागा बघू."

बाजाराचा दिवस नव्हता. मैदानात रिकामे ओटे आणि खुंट्या तेवढ्या होत्या. एका बाजूला बेबीनंदाचं भांड्यांचं दुकान उघडं होतं. प्रियांनी तिला क्लिप दाखवली. बेबीनंदानं ती पाहिली आणि मोबाइल परत दिला.

"मारलं? कोण म्हणतंय मारलं? माझ्यासमोर झालं ना सगळं. बैल सुटला होता! भाजीच्या गाड्याकडून सरळ म्हातारीच्या अंगावर. अण्णांनी तिला खांद्याला धरून बाजूला ढकललं, न्हाईतर शिंगावर घेतलं असतं तिला. अण्णा बी पडले, गुडघा फुटला त्यांचा."

"बेबीनंदाताई, हे कालपासून कोणाला का सांगितलं नाही?" प्रियांनी विचारलं.

"मला विचारलं कोणी? मला काय ते व्हाट्सॲप-बिट्सॲप न्हाई. बाकी बघणारे बाहेरगावचे, बाजार उठला तसे गेले."

प्रियांनी क्लिप थांबवून मोठी केली. आता त्यांना काय शोधायचं ते ठाऊक होतं.

"ताई, हे बघा. अण्णांचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेलाय. असा व्हिडिओ कोणी काढत नाही. ही डावी बाजू नंतर कापलीय, कारण बैल त्या बाजूला होता. आवाजही म्हणूनच काढला आणि वर गाणं चढवलं. लोक 'बैल, बैल' ओरडले असणार."

"आणि हे काय?" ताईंनी बोट ठेवलं. चौकटीच्या वरच्या कडेला पिवळ्या कापडाची झालर फडफडत होती.

"तेच मी बघतेय. आणि पालांची वरची बाजू दिसतेय. जमिनीवर उभ्या माणसाला पाल खालून दिसतं. हा माणूस उंचावर होता, आणि त्याच्या डोक्यावर झालर होती." त्यांनी मैदानभर नजर फिरवली. आजूबाजूला एकही माडी नव्हती. "बेबीनंदाताई, त्या वेळी इथं काय उभं होतं?"

"अण्णांचा रथ. हा इथंच, दुकानासमोर. पिवळ्या झालरीचा."

धर्मराज पाठोपाठ आले होते. सगळं ऐकून त्यांनी वहिनींना बाजूला घेतलं, पण त्यांना हळू बोलता येत नसे.

"वहिनी, आपण काय केलं न्हाई. क्लिप आपली न्हाई, पेजवरनं काढली बी. आता चार दिवस फक्त गप बसायचं. लोकांचं लोकं बघतील."

ते ऐकून प्रियाच वळल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गप बसावं म्हणूनच ही क्लिप तुम्हाला पाठवलीय."

४

"समजून घ्या," रस्त्याला लागल्यावर प्रिया म्हणाल्या. गाडी जालन्याच्या दिशेनं निघाली होती. साळूबाईची लेक उषाबाई तिथं एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात कामाला होती, एवढं शेजारणीकडून कळलं होतं. "अण्णांच्या वैऱ्यानं ही केली असती तर त्यानं ती थेट गावाच्या ग्रुपवर टाकली असती. यानं ती फक्त आपल्या पाच माणसांना दिली. त्याला क्लिप पसरायला तर हवी होती, पण आपल्या हातानं. ज्यानं बैल कापून टाकला त्याच्याकडे बैलाचा अख्खा व्हिडिओ आहे. तो कधी बाहेर येईल?"

ताई म्हणाल्या, "प्रचार संपायच्या दिवशी. सांजच्याला."

"बरोबर. 'दैवशालाबाईंनी खोटी क्लिप पसरवून एका भल्या माणसाला बदनाम केलं.' आपल्या पेजचे फोटो सोबत. आणि उत्तर द्यायला आपल्याकडे वेळ नाही."

मागच्या सीटवर धर्मराजांनी कपाळावरचा घाम पुसला. "म्हणजे मी आयता फासात गेलो की."

एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत उषाबाईची खोली लगेच सापडली. साळूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती. अंगाला कुठं खरचटलेलंही नव्हतं.

"मला मारलं?" क्लिप पाहून तिला हसावं की रडावं कळेना. "अगं बाई, देव म्हणून आला तो माणूस माझ्यासाठी. ह्ये असं दाखवून राह्यलेत व्हय लोकांना?"

"मावशी, तुम्हाला इथं कोणी आणून सोडलं?" प्रियांनी विचारलं.

"सोमेश्वरअण्णांची गाडी आल्ती की. ड्रायव्हर म्हणला, अण्णांनी सांगितलंय, लेकीकडं आराम करा. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी न्यायला येतो, तवा टीव्हीवाल्यांपुढं बोलायचं हाय."

झालर अण्णांच्या रथाची, गाडी अण्णांची, आणि निरोपही अण्णांचाच.

"स्वतःच्याच तोंडाला काळं फासून घेतलं त्यांनी?" ताई पुटपुटल्या. "तीस वर्षं वळखते मी त्या माणसाला. माझ्या विरोधात किती बी बोलतील, पण हे न्हाई वाटत."

"वाटण्यावर मी केस लढत नाही," प्रिया म्हणाल्या. "त्यांनाच विचारू. मावशी, चलता का आमच्यासोबत?"

साळूबाईनं सुपातला लसूण बाजूला सारला आणि पदर खोचला.

५

दिवस कलायला आला होता. सोमेश्वरअण्णांच्या बैठकीच्या खिडकीची काच फुटलेली होती. आदल्या दिवशी कोणीतरी दगड टाकला होता. एरवी माणसांनी भरलेल्या ओट्यावर दोघंतिघंच बसलेले. विरोधी उमेदवार स्वतः दारात उभी पाहून ते चटकन उठले.

आत अण्णा गुडघ्याला पट्टी बांधून दिवाणावर बसले होते. शेजारी त्यांचा पुतण्या आदिनाथ. पुण्यात राहून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला, काकांचा प्रचार त्याच्याच डोक्यानं चालायचा. साळूबाई दाराआड उभी असल्यानं त्याला दिसली नाही.

"या दैवशालाबाई," अण्णा कडवट हसले. "बघायला आलात का, किती चिखल लागला ते? माझी नात अर्पिता काल कॉलेजातून रडत आली. आज गेलीच न्हाई."

"अण्णा, पेजवर ती क्लिप आमच्या माणसानं टाकली, ती चूक माझी," ताई म्हणाल्या. "पण केली न्हाई आम्ही. वकीलबाईंना तुम्हाला विचारायचंय."

"विचारा."

"बाजारात त्या दिवशी काय झालं?" प्रिया म्हणाल्या.

"काय होणार? बैल सुटला. म्हातारीला ढकललं, मी बी पडलो. हा बघा गुडघा."

"मग हे कालपासून लोकांना का सांगितलं नाही?"

अण्णांनी सहज पुतण्याकडे पाहिलं. "मी तर कालच निघालो होतो माईक घेऊन. आदिनाथ म्हणला, काका, आत्ता बोलू नका, कोणी विश्वास ठेवणार न्हाई. शेवटच्या दिवशी बोलू."

"शेवटच्याच दिवशी का?"

"रणनीती असती, मॅडम," आदिनाथ मधेच म्हणाला. "संतापलेल्या लोकांना लगेच समजवता येत नाही."

"खरंय. त्या दिवशी रथावर कोण होतं, अण्णा?"

"माईकवाला आणि आदिनाथ. माईकवाला तर खाली उडी टाकून बैलामागं पळाला."

"म्हणजे वर एकटे तुम्हीच राहिलात," प्रिया आदिनाथकडे वळल्या. "ही क्लिप तुमच्या रथावरून काढलीय. झालर दिसते. तुम्ही तिथं होतात, बैल डोळ्यांनी पाहिलात, आणि तुमचे काका दगड खात असताना तुमच्या तोंडून बैलाचा 'ब'सुद्धा निघाला नाही."

"झालर काय, कोणीबी रथावर चढलं असंल. गर्दी होती."

"असेल. मग साळूबाईंना जालन्याला कोणी पाठवलं?"

"साळूबाई जालन्याला हाय?" अण्णा एकदम सरळ बसले. "मला तर आदिनाथ म्हणला, दैवशालाबाईंच्या माणसांनी तिला लपवून ठेवलंय!"

प्रियांनी दाराकडे हात केला. साळूबाई आत आली, तशी अण्णांकडे गेली आणि त्यांच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाली, "गाडी धाडली तुम्ही, म्या म्हणलं किती काळजी करतो माणूस."

"मी न्हाई धाडली, साळूबाई."

आदिनाथनं मोबाइल खिशात सारायला हात हलवला, तेव्हा अण्णांनी आपला पंजा पुढे केला.

"दे."

"काका, ऐका तर. आपण हरत होतो. शेवटच्या दिवशी अख्खा व्हिडिओ टाकला असता ना, तर सगळी हवा उलटी झाली असती. चार दिवस सोसायचे होते फक्त—"

"कोणी सोसायचे? मी?" अण्णांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अर्पितानं? माझ्याच घरच्या पोरानं मला गावापुढं नागडं उभं केलं आणि वरून मला म्हणतोस, आत्ता बोलू नका? दे म्हणलं ना तो."

आदिनाथनं मोबाइल दिला. त्यात अख्खा व्हिडिओ होता : पांढरा बैल, ओरडणारी माणसं, धूळ, आणि धुळीतून म्हातारीच्या आधी उठून तिला हात देणारे अण्णा.

६

धर्मराज ओट्यावर थांबले होते. सगळं कळल्यावर त्यांनी वहिनींना एकच विचारलं, "आता हे आपण सांगायचं? अण्णांच्या बाजूनं?"

"आपल्या पेजवरनं गेलंय ना? मंग आपल्याच तोंडानं परत यायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बेबीनंदाच्या दुकानासमोर, मिथुननं कॅमेरा लावला. ताई आणि साळूबाई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. गाणं नाही, अक्षरं नाहीत.

"ती क्लिप कापलेली हाय," दैवशालाताई म्हणाल्या. "आमच्या पेजनं ती न तपासता टाकली. ती आमची चूक, मी माफी मागते. सोमेश्वरअण्णांनी या मावशींचा जीव वाचवला. अण्णांना मत देऊ नका असं मी आज बी म्हणते. रस्ता, शाळा, दवाखाना, यावर त्यांच्याशी माझं भांडण हाय आणि ते चालूच राहील. पण त्यांनी म्हातारीवर हात टाकला म्हणून मला मत देणार असाल, तर ते मत मला नको."

खाली अख्खा व्हिडिओ जोडला. प्रियांनी तोच खुलासा, काहीही न लपवता, अधिकाऱ्यांना पाठवून दिला. आदिनाथनं केलेलं सगळं त्यात होतं; त्याची चौकशी सुरू झाली आणि अण्णांनी त्याला त्याच दिवशी प्रचारातून बाहेर काढलं.

खरा व्हिडिओ खोट्याच्या वेगानं पळाला नाही. मिथुन दर तासाला आकडे बघून खट्टू व्हायचा. मग ताईंनी रथ बाहेर काढला. जिथं जिथं क्लिप पोचली होती त्या प्रत्येक गावात साळूबाई रथावर बसून गेली, आणि माईक हातात आल्यावर तिला कोणी आवरू शकलं नाही. बैलाची शिंगं दर गावात थोडी थोडी लांब होत गेली.

दैवशालाताई निवडून आल्या. फार मोठ्या फरकानं नव्हे. मोजणी शेवटच्या फेरीपर्यंत चालली होती.

परतूरला मोजणीच्या मांडवाबाहेर सोमेश्वरअण्णा लंगडत आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी ताईंना हार घातला.

"एक विचारू?" ते म्हणाले. "अख्खा व्हिडिओ बाहेर येणारच नसता, तर ती क्लिप चार दिवस तशीच ठेवायला तुम्हाला काय तोटा होता? मी तुमच्या जागी असतो तर गप बसलो असतो. खरं सांगतो."

"माहितीय मला," दैवशालाताई हसल्या. "म्हणून तर तुमच्या विरोधात उभी राह्यले."

अण्णाही हसले. मांडवाच्या दाराशी कार्यकर्ते ताईंना खांद्यावर घ्यायला धावत आले, तेव्हा सगळ्यांत पुढे धर्मराज होते.